तळ्याकाठच्या फळ्यांवरून

गेल्या वर्षी आमच्या वडीगोद्रीत एक सून बाळंतपणानंतर कमरेखाली लुळी पडली. तिची सासू माझ्याकडे आली, ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, सुमनबाई, तुम्ही कसं काढलं ते तिला येऊन सांगा. मी गेले. पण तिच्या खाटेपाशी बसल्यावर माझ्या तोंडून काहीच निघेना. ती आढ्याकडे बघत होती, मी तिच्या पायांवरच्या चादरीकडे. चहा घेऊन परत आले. जे तिला सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. औषधांचं यात काही नाही. ते डॉक्टरांना विचारावं.

माझं वय तेव्हा एकोणतीस होतं. मुलगी वैशाली पहिलीत. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, हमरस्त्यावर विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आणि दुकानामागेच घर. एका गुरुवारी भाकरी थापताना पायांना मुंग्या आल्या. मांडी घालून बसल्याने असेल असं वाटलं. संध्याकाळी अंगणात पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि मला ते कळलंच नाही, वैशालीने ती आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला गेले तर कमरेखालचं अंग माझं नव्हतं. हाताने मांडी दाबून पाहिली, ती कुणा दुसऱ्या बाईची वाटली.

आधी जालन्याला नेलं, तिथून औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात. चार दिवस तपासण्या चालल्या. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मालकांना आणि माझ्या भावाला बाहेर बोलावलं. मला बोलावलं नाही. पाय माझे होते, पण सांगितलं त्यांना. दाराच्या फटीतून मला मालकांचा फक्त हात दिसत होता. बोटाने ते दाराच्या चौकटीवरची धूळ पुसत होते, वरून खाली, पुन्हा वरून खाली. आत आले तेव्हा सलाईनच्या बाटलीकडे बघून म्हणाले, "मणक्यातल्या दोरीला सूज आली म्हणे. दोन महिन्यांत चालशील." मी विचारलं, "बराबर?" ते म्हणाले, बराबर. तेवढ्यावरून मला कळलं की मी चालणार नाही.

रडायला आलं नाही. वैशालीचा डबा कोण करेल हेच डोक्यात घोळत राहिलं.

दवाखान्यात तीन महिने काढले. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, त्यामुळे दिवस बारा कुशींचा झाला. पहिल्या पंधरवड्यात गावाकडून जीप भरभरून माणसं आली. केळी, मोसंबी, अंगारे. बायका माझे पाय दाबून बघायच्या आणि विचारायच्या, लागतं का? नाही म्हटलं की पदर डोळ्याला लावायच्या. मग कापूस वेचणी सुरू झाली, माणसं कामाला लागली आणि येणं थांबलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे कुणी आलं की मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायचे, म्हणजे माझ्याकडे कुणी नाही हे दिसायचं नाही.

एक चांगली आठवण आहे. वॉर्डातल्या कौसल्यामावशीने एकदा दुपारी खाटेच्या टोकाला घमेलं ठेवून माझे केस धुतले. दीड महिन्याने धुतले गेले. तिने काही विचारलं नाही, धीर दिला नाही, फक्त गुंता सोडवत राहिली. त्या दिवशी मात्र मी रडले. लघवीची नळी निघाली आणि नैसर्गिक जाणीव थोडी परत आली, ती तिथेच. शरीराने तेवढंच परत केलं.

घरी आल्यावर उचलण्याचं आयुष्य सुरू झालं.

आमच्या घराला चार पायऱ्या, मोरीला उंबरा, संडास अंगणाच्या टोकाला. मालक मला उचलायचे. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. सकाळी संडासला, मग मोरीत, मग ओट्यावरच्या खाटेवर, ऊन आलं की आत, पुन्हा बाहेर. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी हात पुसून यायचे. कधी कंटाळा दाखवला नाही. गावात त्यांचं नाव झालं. बायका मला सांगायच्या, तुझं नशीब मोठं गं.

नशीब मोठं होतंच. पण मला दुपारी तीन वाजता जायची गरज लागली तर मी हाक मारायचे नाही. सकाळपासून पाणीच कमी प्यायचे. अर्धा तांब्या दिवसभर पुरवायचा. त्यामुळे दोनदा ताप आला, डॉक्टर रागावले, तरी मी तेच केलं. हाताखाली मोटार उघडी टाकून, तेलकट हातांनी धावत येणाऱ्या माणसाला "मला संडासला न्या" म्हणणं फार अवघड असतं. आजारपणातलं सगळ्यात मोठं दुखणं मला तेच वाटतं.

हळूहळू आमचं बोलणं थांबलं. भांडण नव्हतं. मी म्हणायचे, उचला. ते म्हणायचे, धर. खाली ठेवल्यावर मी म्हणायचे, बास. दिवस एवढ्या शब्दांत संपायचा. एकदा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात त्यांना सांगत होत्या की दुसरी करून आण, हिलाबी बघील ती, तुझीबी जिंदगी हाय. भिंत पातळ होती. मालक दुकानात निघून गेले. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी त्यांना कधी विचारलं नाही. आठ वर्षं मी असं धरून चालले की हा माणूस कर्तव्य म्हणून राहिला आहे, आणि कर्तव्याला काय विचारायचं?

एका शिबिरात मला चाकाची खुर्ची मिळाली होती. ती कोपऱ्यात चादर टाकून ठेवली होती. घरात पायऱ्या, बाहेर माती. चालवणार कुठे?

माझी धाकटी बहीण शोभा लग्न होऊन अमेरिकेला गेली होती. तिच्या नवऱ्याला तिकडे संगणकाचं काम मिळालं होतं. वैशाली नववीत असताना शोभा गावी आली, त्या चादरीखाली काय आहे म्हणून तिने उचलून पाहिलं आणि ती तिथेच खाली बसली. जायच्या आधी तिने हट्ट धरला की आक्काला दोन-अडीच महिने माझ्याकडे पाठवा, तिकडच्या डॉक्टरांनाही दाखवू. मला वाटलं होतं, मालक अडवतील. ते म्हणाले, "जाऊन ये." मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सुटका झाल्यासारखं दिसतंय का ते शोधत होते. काही दिसलं नाही, तरी मी ते दिसल्याचं धरून गेले.

विमानतळावर त्यांनी मला जीपमधून उचललं आणि तिथल्या माणसाने आणलेल्या खुर्चीत ठेवलं. पुढे त्यांना येऊ देत नव्हते. काचेपलीकडे ते उभे राहिले. हात रिकामे कसे ठेवायचे हे माहीत नसल्यासारखे त्यांनी ते पाठीमागे बांधले होते.

तिकडचे डॉक्टर बोलायला प्रेमळ होते. इकडच्यांनी सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. फक्त मला समोर बसवून सांगितलं, शोभाने मराठीत समजावलं. पाय येणार नाहीत. आठ वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तोंडावर म्हटलं, आणि मला विचित्र हलकं वाटलं.

शोभाचं घर सपाट होतं, माझ्यासाठी तिने चाकाची खुर्चीही आणून ठेवली होती. उंबरा नाही, मोरीत धरायला दांडे. पहिले तीन आठवडे मी खुर्चीतून उतरताना पडत राहिले, एकदा कोपर फुटलं. चौथ्या आठवड्यात मी खुर्चीतून स्वतः संडासवर बसले, परत खुर्चीत आले, आणि बाहेर येऊन बघते तर घरात सांगायला कुणी नव्हतं. दोघं कामावर, त्यांचा छोटा मुलगा पाळणाघरात. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायले, भरून, एकापाठोपाठ. ते माझं साजरं करणं.

दिवसभर ते घर इतकं शांत असायचं की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायचे. आठवड्यातून एकदा मालकांचा गावातल्या एसटीडी बूथवरून फोन यायचा. बरी हायस का, बरी हाय, वैशाली शाळेत जाती का, जाती. मग तारेतला आवाज ऐकत दोघंही थांबायचो.

माझ्या परतीच्या आधी शोभाने आणि तिच्या नवऱ्याने सुट्टी काढली आणि मोटारीने आम्ही लांब गेलो, डोंगरावरच्या एका राखीव जंगलात. तिथे समुद्रासारखं मोठं तळं होतं आणि तळ्याच्या काठालाच गरम पाण्याचे झरे. थंडी पडायला लागली होती, माणसं तुरळक. गाडी लावली तोच छोट्याने उलटी केली, अंग तापलेलं. शोभा गडबडून गेली. म्हणाली, आक्का, आपण परत फिरू. समोर पाटी होती, तिच्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. पाटीपासून लाकडी फळ्यांची रुंद वाट निघाली होती, जमिनीपासून वीतभर वर, एकही पायरी नसलेली. मी म्हटलं, "तुम्ही बसा त्याच्यापाशी. मी जाऊन येते."

शोभाने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या गळ्याभोवती मफलर गुंडाळत ती म्हणाली, "फळ्या सोडून जाऊ नको आक्का. खालची जमीन पापडासारखी हाय म्हणे, आत उकळतं पाणी."

मी निघाले. चाकं फळ्यांवरून ठक-ठक वाजत होती. मागे कुणाचे हात नव्हते. लग्नाआधी शेतातून एकटी यायचे त्यानंतर कधी मी अशी एकटी कुठे गेले होते, आठवेना.

दोन्ही बाजूंनी वाफा निघत होत्या. आगकाडी ओढल्यासारखा गंधकाचा वास. एका खड्ड्यात चिखल रटरटत होता, अगदी चुलीवरचं पिठलं. एका कुंडाचं पाणी मोरचुदासारखं निळं आणि इतकं नितळ की खाली उतरत गेलेली भोकं दिसत होती, पार अंधारापर्यंत. मध्येच वाफ अंगावर यायची, चष्मा धुरकट व्हायचा, तोंड गरम आणि कान गार. वाफ सरली की पुढे तळं, राखाडी, पलीकडचा काठ न दिसणारं. वाट तळ्याकडे वळली आणि उतरायला लागली. मी चाकं हलकी धरली, खुर्ची आपोआप गेली. वारा तोंडावर आला. मी हसले, मोठ्याने.

खाली पोचल्यावर बघितलं. एक झरा तर तळ्याच्या पाण्यातच होता, दगडाचं तोंड वर काढून. चारी बाजूंनी बर्फासारखं पाणी आणि मध्ये हा वाफा सोडत बसलेला. कितीतरी वेळ मी बघत राहिले. मग म्हटलं, "अहो, हे बघा की." आवाज बाहेर आला तेव्हा मीच चमकले. आजूबाजूला कुणी नव्हतं. आठ वर्षांत मी मालकांना काही दाखवलं नव्हतं. चंद्र नाही, पाखरू नाही, पोरीची वही नाही. उचला, धर, बास. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, जिथे ते ऐकूच शकत नव्हते, तिथे मी त्यांना बघा म्हणत होते. तेव्हा जे एकटं वाटलं तसं दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

परत निघाले तर चढ. चार हात वर गेले आणि खुर्ची मागे सरकली. पुन्हा गेले, पुन्हा सरकली. हाताचं कातडं सोललं. तिसऱ्या वेळी खुर्ची वाकडी झाली, एक चाक फळीच्या कडेच्या पट्टीला टेकलं, आणि खाली पांढऱ्या जमिनीतून बारीक बुडबुडे येत होते. मी चाकं आवळून धरली. ओरडावं का? मराठीत ओरडून कोण येणार? आणि माझ्या लक्षात आलं, मला हाक मारता येत नाही. मदत मागायची ती दुपारी तीनची लाज इथेही माझ्याबरोबर आली होती. मी तशीच बसून राहिले. थंडी वाजत होती. अर्धा तास तरी गेला असेल.

मग वाफेतून एक म्हातारी आली. सत्तरीच्या पुढची, टोपी, हातात काठी, दर दहा पावलांना थांबून छातीवर हात ठेवणारी. ती मला बघून हसली आणि बाजूने पुढे निघाली. ती गेली असती. मी दोन्ही हात जोडले आणि म्हटलं, "बाई, थांबा. मला वर जायचंय." मराठीतच. चढाकडे बोट दाखवलं, मग सोललेले तळवे.

ती थांबली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तिने मान हलवली, तिला जोर जमणार नव्हता. पण तिने काठी माझ्या मांडीवर ठेवली आणि खुर्चीच्या मागच्या मुठी धरल्या. मी चाकं फिरवायची, ती फक्त मागे सरकू द्यायची नाही. आणि तिलाही खुर्चीचा आधार मिळत होता. पाच हात गेलो की थांबायचो. तिचा श्वास माझ्या मानेवर लागायचा. थांबल्यावर ती काहीतरी बोलायची, मीही बोलायचे, आमच्या कापसाचं, वैशालीचं. कुणालाच काही कळत नव्हतं. एका ठिकाणी तिने तळ्याकडे हात केला, दोन बोटं दाखवली, मग एक बोट मिटलं. ते मात्र कळलं.

वर सपाटीला पोचलो तेव्हा शोभा रडत पळत येत होती. तिने त्या बाईचे आभार मानले, नाव विचारायचं तिलाही सुचलं नाही. म्हातारी काठी घेऊन पुन्हा खाली तळ्याकडे वळली. मी तिच्या टोपीकडे बघत राहिले, वाफेत दिसेनाशी होईपर्यंत.

घरी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी मालक नेहमीसारखे खाटेपाशी आले आणि वाकले. मी म्हटलं, "मला उचलू नका आता."

ते तसेच वाकलेले राहिले. "का? दुखतंय का माझ्या हातानं?"

"न्हाई. तुम्ही फळ्यांचा उतार करून द्या. ओट्यापासून अंगणात, अंगणातून संडासापर्यंत. मी माझी जाईन."

ते सरळ झाले आणि दुकानात गेले. दोन दिवस जेवायलाही आत आले नाहीत, डबा दुकानात मागवला. त्या दोन दिवसांत आत्याबाईंनी आणि वैशालीने मिळून मला हलवलं, तिघींचीही दमछाक झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते ओट्यावर आले आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"आठ वर्षं झाली," ते म्हणाले. "एक दिस तरी थकलो म्हणलो का मी?"

मी म्हटलं, "मी थकले."

 ते रस्त्याकडेच बघत म्हणाले, "तुला उचलतो तेवढाच टाइम तू माझ्यापाशी असती. बाकी दिसभर तर भिंतीकडं तोंड करून असती. मंग ते बी काढून घेतलं तर माझ्यापाशी काय राह्यलं?"

 मी कर्तव्य म्हणत होते त्याला तो माणूस काय म्हणत होता, हे मला आठ वर्षांनी, त्याच्या पाठीकडे बघताना कळलं. मी त्यांना तळ्यातल्या झऱ्याचं सांगायला सुरुवात केली. नीट जमलं नाही. निळं पाणी म्हटलं तर ते म्हणाले, औषध टाकलं असंल. पण त्यांनी मान वळवली होती.

उतार त्यांनी स्वतः केला. लोखंडी अँगल शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणले, वर बाभळीच्या फळ्या ठोकल्या. पहिला उतार फार उभा झाला. मी म्हटलं, असल्याच चढावर मी अडकले होते. त्यांनी सगळा उकलला आणि दुप्पट लांबीचा केला, अर्धं अंगण त्यात गेलं. आत्याबाई महिनाभर धुसफुसल्या, मग त्यांचेच गुडघे दुखायला लागले तेव्हा त्याही त्यावरूनच उतरायला लागल्या.

सगळं गोड झालं असं समजू नका. उचलणं थांबलं आणि खरंच आमच्यात एक रिकामी जागा पडली. सकाळी खाटेपाशी ते येऊन उभे राहायचे आणि काही काम नसल्याने परत जायचे. मीही ओट्यावर जाऊन बसायचे, रस्ता बघत, आधीइतकीच एकटी. नंतर त्यांनी मला मोटारीची तार गुंडाळायला शिकवलं. तांब्याची बारीक तार साच्यावर वेटोळं वेटोळं घ्यायची, वेढे मोजत. माझे हात बरे होते. दुकानात त्यांच्या शेजारी बसायला लागले. वेढे मोजताना बोलता येत नाही, पण मोजून झाल्यावर बोलता येतं. कधी बोलतो, कधी नाही.

त्या मुलीला, जिच्या खाटेपाशी मी मुकी बसले होते, मला इतकंच सांगायचं आहे. पाणी पोटभर पी. हाक मार. आणि जो तुला उचलतो त्याला उचल एवढंच म्हणू नको, काहीतरी दाखवत जा, खिडकीतलं का होईना. मी ते फार उशिरा शिकले.

उतार झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी, एका सकाळी, मी कुणाला न सांगता खुर्ची घेऊन निघाले. अंगण, दुकानाच्या बाजूची गल्ली, मग डांबरी रस्त्याची कड, बस थांब्यापर्यंत. तिथे बांगडीवाली बसते. तिच्याकडून हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. आधी आत्याबाई आणायच्या त्या सैल व्हायच्या, तरी त्याच घालायचे. परत येताना एका खड्ड्यात चाक अडकलं. जाणाऱ्या एका माणसाला हाक मारली, त्याने धक्का दिला. दुकानासमोर आले तर मालक मोटारीवर वाकून काम करत होते, वर पाहिलं नाही. मला थोडं लागलं. वाटलं, यांना कळलंही नाही.

संध्याकाळी जेवताना वैशालीने बांगड्या पाहिल्या आणि कुठून आणल्या विचारलं. मी सांगायच्या आधीच मालक म्हणाले, "थांब्यावरून. सगळं बघून राह्यल्तो मी. खड्ड्यात अडकली तवाबी."

मी विचारलं, मग आला का नाहीत?

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तीनदा उठलो," ते म्हणाले, "आन् तीनदा बसलो."